दोन ओळींतली माणसं

लहानपणी आम्हाला बागुलबुवाची भीती कुणी घातली नाही. पेडण्यातल्या आमच्या कोरगावात त्याची गरजच नव्हती, आजेंत मोंतेरो पुरेसा होता. पोर जेवेना, झोपेना, की आजी म्हणायची, "मोंतेर येता पळय." पाखले, म्हणजे पोर्तुगीज, जाऊन कैक पावसाळे उलटले होते, मोंतेरो तर त्याच्याही आधी गोव्यातून गेला होता, तरी त्याचं नाव घेताना तिचा आवाज आपोआप खाली यायचा.

मोठेपणी वाचत गेलो तेव्हा समजलं, की आमच्या आज्यांनी या माणसाला वाढवून नव्हे, कमीच करून सांगितलं होतं. कासिमिरो मोंतेरो गोव्यात सत्याग्रहींना झोडपून काढणारा पोलीस म्हणून कुप्रसिद्ध झाला आणि पुढे पोर्तुगालच्या गुप्त पोलिसांत, 'पीदे'त गेला. १९६५ च्या फेब्रुवारीत हुकूमशहा सालाझारचे कडवे विरोधक जनरल देल्गादु यांचा स्पेनच्या सीमेजवळ खून झाला. पोर्तुगालमध्ये लोकशाही आल्यावर खटला चालला, त्यात मारेकरी ठरला तो हाच. १९८१ मध्ये शिक्षा झाली, पण गैरहजेरीत. स्वारी दक्षिण आफ्रिकेत होती आणि तिथेच मेली. म्हणजे पेडण्यातल्या आज्या ज्याच्या नावाने पोरांना घास भरवत होत्या, त्याला लिस्बनचं न्यायालयही धरू शकलं नाही.

मोंतेरोने नेमकं काय केलं ते आजीने कधी सांगितलं नाही. ते मला पुस्तकांनी सांगितलं. आणि आजीने जे सांगितलं ते मला आजवर कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. या दोहोंना एकत्र बसवावं असं फार दिवस मनात आहे.

पुस्तकांची गाठ घालून दिली ती आमच्या शेजारच्या मास्तरांनी. पोर्तुगीज अमदानीत त्यांनी मराठी शाळा चालवली होती. शाळा म्हणजे कुणाची तरी पडवी, आणि पगार म्हणजे भात, नारळ नि आशीर्वाद. त्या काळात छापील अक्षरावर सरकारची किती नजर असे हे ते रंगवून सांगत. लग्नपत्रिका छापायची तर मजकूर आधी तपासणीला न्यायचा! अशी एक पत्रिका त्यांनी मला दाखवलीही होती. वर श्रीगणेशाय नमः, खाली दोन्हीकडच्या आजोबा-पणजोबांची नावं, आणि कोपऱ्यात जांभळ्या शाईचा फिसकटलेला शिक्का. वधूवरांच्या मुहूर्तात सालाझारला कसला धोका दिसत होता कोण जाणे. मुंबईची मराठी वर्तमानपत्रं मात्र शिक्क्याविना यायची, आडवाटेने, आणि ती मास्तरांच्या भाताच्या कणगीत जायची. "पोलिसांना एकदाही सापडली नाहीत," मास्तर म्हणायचे, "पण अर्धी उंदरांनी वाचली."

त्याच मास्तरांनी मला मोहन रानड्यांचं 'सतीचे वाण' वाचायला दिलं. बहुधा त्यांना त्यात स्वतःचा वेगळा जन्म दिसत असावा. रानडेही गोव्यात आले ते मराठीचे शिक्षक म्हणून. मूळचे सांगलीचे मनोहर आपटे. १९५० च्या सुमारास गोव्यात शिरले, आझाद गोमंतक दलात गेले आणि १९५५ च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. शिक्षा झाली सव्वीस वर्षांची. पुढे त्यांना पोर्तुगालला नेलं, तिथे काशियशच्या तुरुंगात एकांतवास. १९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, पण रानडे काही सुटले नाहीत. ते सुटले १९६९ च्या जानेवारीत. सुधीर फडक्यांसारख्या माणसाने त्यासाठी किती खटपट केली ते महाराष्ट्रात जुन्या मंडळींना आठवत असेल. ज्या भूमीसाठी तुरुंगात गेलो ती मोकळी झाली आणि आपण आतच, हे त्या माणसाने कसं सोसलं असेल, याचा विचार मी आजही पुरता करू शकत नाही.

अशी आत्मकथनं मी पुढे बरीच वाचली. त्यांची एक रीत असते. चौकीवरचा हल्ला, लाठीमार, कोठडीची लांबीरुंदी, खटल्याची भाषा, हे सगळं पानंच्या पानं. मग मध्येच एखादं वाक्य येतं, की अमुक साली घरी वडील वारले, आणि पुढच्या ओळीत लेखक पुन्हा तुरुंगातल्या उपोषणाकडे वळतो. पूर्वी मला यात कोरडेपणा वाटे. आता वाटत नाही. लढणाऱ्या माणसाला आपल्या दुःखाची लाज वाटत असावी. दुसऱ्यांचीही घरं बुडालेली असताना आपलंच काय सांगायचं? गोदावरी परुळेकरांचं बघा. शामराव परुळेकर १९६५ साली स्थानबद्धतेत असताना आर्थर रोड तुरुंगात गेले. पाच वर्षांनी गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आलं, ते तलासरी-उंबरगावच्या वारल्यांचं, १९४५ च्या त्यांच्या उठावाचं. पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या वैधव्यावर त्या बाई ग्रंथ लिहू शकल्या असत्या. लिहिला वेठबिगारीवर.

आमच्या घरातली तऱ्हा बरोबर उलटी. लढा दोन ओळींत आणि गमावलेलं माणूस रात्रभर.

आजीचं माहेर आरोंद्याचं. कोरगावची माणसं पुष्कळदा तिकडे सोयरीक जुळवत, त्यात नवल काहीच नाही. पेडणं पोर्तुगीजांकडे आलं १७८८ साली. त्याआधी आम्ही सावंतवाडीचेच. राज्य बदललं म्हणून मुली देणं-घेणं कुणी बदललं नाही. तेरेखोलची नदी मध्ये, अलीकडे किरणपाणी, पलीकडे आरोंदा. होडीत बसलं की पानाचा विडा चघळून संपायच्या आत माहेर. आजी पोळे-फेणोऱ्या करायची त्या पितळी डब्यात भरून नदीपार जायच्या आणि तोच डबा आरोंद्याहून कुळथाचं पीठ घेऊन परत यायचा.

मग १९५५ चा १५ ऑगस्ट आला. भारतभरातून सत्याग्रही निःशस्त्र गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. आमच्याच तालुक्यात, पत्रादेवीला, पंजाबचा कर्नैल सिंग पडला. तेरेखोलच्या किल्ल्यावर हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर गेले. वीसहून अधिक माणसं त्या एका दिवशी मेली. पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक आता महामार्गावरून जाणाऱ्या सगळ्यांना दिसतं. त्यानंतर भारत सरकारने सत्याग्रह थांबवले, सीमा आवळली, १ सप्टेंबरला पणजीतली आपली वकिलात बंद केली. मुंबईच्या मनीऑर्डरींवर ज्यांच्या चुली पेटत होत्या त्यांच्या चुली विझल्या. पुस्तकांत या सगळ्याला आर्थिक कोंडी म्हणतात, आणि ती यशस्वी झाली की नाही याची चर्चा करतात. चर्चा करणारे बहुतेक म्हणतात, की फारशी झाली नाही: खनिजाची जहाजं जपानकडे जात राहिली, पैसा येत राहिला, दुकानांत परदेशी माल चकाकत राहिला. खरं आहे. कोंडी झाली ती पितळी डब्याची.

त्या कोंडीत कधीतरी आजीची आई आरोंद्यात वारली. "आवय गेली आनी माका कळूंक ना," एवढं वाक्य ती म्हणायची आणि मग त्याच्या मागची पुढची सगळी हकिगत सांगायची. बातमी आणली ती रात्री होडीतून चोरटा माल उतरवणाऱ्या एका गड्याने. तोही लगेच सांगेना. माल पोचवला, पैसे मोजले, चहा प्यायला, आणि निघताना उंबऱ्यात उभा राहून बोलला. तोवर तिकडे दिवसही उरकले होते. भटाने सांगितलं, आता सुतक कसलं, नुसती आंघोळ पुरे. आजीने विहिरीवर जाऊन लुगड्यासकट डोक्यावर पाणी ओतलं, आत आली, आणि चुलीवर पेज उतू जात होती ती उतरवली. पेज कसली होती तेही तिला आठवायचं: कोरगुटाची, खाजनातल्या खाऱ्या मातीतल्या त्या लाल तांदळाची. ऊन पेजेचा वास आला की पुढे कितीतरी वर्षं तिला मळमळायचं.

यात तिचा राग कुणावर होता, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. पाखल्यांवर होताच. पण तेवढाच नदी ओलांडून पलीकडे बसलेल्या आपल्या सरकारवरही होता. गोळ्या पोर्तुगीजांनी घातल्या, वाट मात्र दोघांनी मिळून अडवली, असा तिचा सरळ हिशेब. मास्तरांना तो पटत नसे. "अगो, त्याशिवाय ते गेले नसते," ते म्हणायचे. "तशे तरी खंय गेले? लश्कर हाडचें पडलें न्हय?" आजी विचारायची, आणि मास्तर चष्मा पुसायला घ्यायचे. मला वाटतं, अन्यायाशी झगडणाऱ्यांच्या पुस्तकांत हा जाब कुठेतरी यायला हवा होता. न्यायाच्या बाजूनेही माणसांची नासाडी होते, आणि ती माणसं हुतात्म्यांच्या यादीत बसत नाहीत.

मुक्तीने सगळ्यांचं सगळं सुटलं असंही नाही. दादू मांद्रेकरांचं 'बहिष्कृत गोमंतक' वाचलं तेव्हा आमच्याच गावांच्या कडेला असलेले वाडे मी नव्याने पाहिले. सूप-टोपली त्या वाड्यांतून विकत घेणारे आणि घेताना ती अंगणातच ठेवायला सांगणारे आम्हीच. पुढे उर्मिला पवारांचं 'आयदान' हाती आलं. रत्नागिरीकडच्या फणसवळ्याची ही बाई. आई बांबूची आयदानं विणून घर चालवायची. जातीचा जाच आणि संघटनेतलं काम या पुस्तकात आहेच, पण तरुण मुलाच्या मृत्यूवरही बाई थांबते, तिथून घाईने निघून जात नाही. 'सतीचे वाण'नंतर 'आयदान' वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, की आजीच्या रीतीने पुस्तकही लिहिता येतं.

आजीला अक्षरओळख नव्हती. कॉलेजात असताना मी तिला वाचून दाखवायचो. महादेवशास्त्री जोशी तिला आधीपासून माहीत होते, कारण 'मानिनी' सिनेमा त्यांच्या कथेवरचा आणि तो तिने पेडण्यात पाहिला होता. शास्त्रीबुवा सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याचे, पुण्यात राहून संस्कृतिकोशाचे दहा खंड उभे करणारे. आणि त्यांच्या पत्नी सुधाताईंनी ६ एप्रिल १९५५ रोजी म्हापशात, बंदी मोडून भरवलेल्या गोवा काँग्रेसच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद घेतलं, पकडल्या गेल्या, बारा वर्षांची शिक्षा झाली. शास्त्रीबुवांच्या 'आत्मपुराणा'च्या निमित्ताने मी हे सगळं आजीला मोठ्या अभिमानाने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनी शास्त्र्यांक रांदून कोण घालतालें?"

मी हसलो. ती हसली नव्हती. बायको तुरुंगात आणि नवरा घरी, हे तिने आयुष्यात ऐकलेलं पहिलंच उदाहरण होतं. त्या घराचा दिवस कसा उजाडत असेल हे तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

रानड्यांच्या सुटकेपाशी आलो तेव्हा मात्र ती चिडली. बोटांवर मोजून म्हणाली, "आमी एकसश्टांत सुटलीं, आनी तो जेलांतच? सात वर्सां तुमी कितें करताले?" हा सवाल माझ्या काकांना होता. काका तेव्हा जाणते होते, त्यांना उत्तर देणं भाग पडलं. काय करत होतो? निवडणुका लढवत होतो. गोवा महाराष्ट्रात जायचा की वेगळा राहायचा यावर भांडत होतो. १६ जानेवारी १९६७ ला त्याचा जनमत कौल झाला: विलीनीकरणाला फूल, वेगळेपणाला दोन पानं. पेडण्याने फूल उचलून धरलं. एकूण गोव्यात ते ३४,०२१ मतांनी हरलं. त्या दिवशी मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगात होते, आणि आमच्या सभांतून त्यांचं नाव काकांनी ऐकल्याचं त्यांना आठवेना.

"तुवें खंय मारिल्लो शिक्को?" काकांनी उलट विचारलं.

आजीनेही फुलावरच मारला होता. मराठी-कोंकणीचा वाद तिच्या कानावरून गेला होता, तेवढाच. फूल जिंकलं तर आरोंदा आणि कोरगाव एका सरकारात येतील आणि नदीवर पुन्हा कुणाला वाट अडवता येणार नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. आता तिथे पूल आहे. त्याच्या पलीकडे महाराष्ट्राचे पोलीस गाड्या थांबवून डिकी उघडायला लावतात, गोव्याची दारू शोधायला.