गालिचा, घोंगडी आणि विणणाऱ्याचं नाव



आजचा विषय कळल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोन केला. म्हणाला, "सर, केळीच्या रावेरात अफगाणी गालिचे कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आधी आपल्याच शिवारात जाऊ.

माझ्या लहानपणी पीक निघालं की शेतात मेंढ्या बसवायचे. दोन-तीन रात्री धनगरांचा मुक्काम असे. शेताला लेंडीखत मिळे, त्यांना ज्वारी. वडिलांकडे एक काळी घोंगडी होती. थंडीत पांघरूण, पावसात डोक्यावर खोळ, खळ्यात बसायला आसन. ती विणली कोणी, हे आमच्या घरात कुणीच कधी विचारलं नाही. आज मला बोलायचं आहे ते या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल.

आता अफगाणिस्तान. तिथल्या उत्तर भागात तुर्कमेन लोक राहतात, पश्चिमेकडे बलुच. त्यांच्यातल्या भटक्या कुटुंबांचा माग आडवा असायचा, जमिनीत खुंट्या ठोकून ताणलेला. मुक्काम हलला की खुंट्या उपटायच्या, अर्धा विणलेला गालिचा गुंडाळायचा आणि जनावरावर लादायचा. विणतात मुख्यतः बायका. लाल रंग मंजिष्ठाच्या जातीतल्या एका झाडाच्या मुळांपासून काढत. तुर्कमेन गालिच्यावर अष्टकोनी नक्षी असते, तिला 'गुल' म्हणतात. गुल पाहून गालिचा कोणत्या टोळीचा, याचा जाणकार अंदाज बांधतात.

आणि जगाच्या बाजारात या गालिच्यांचं नाव काय पडलं? 'बुखारा'! बुखारा हे विकण्याचं शहर, विणण्याचं नव्हे. नाव बाजाराचं लागलं, बाईचं राहिलं नाही.

1979 साली सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. लाखो लोक पाकिस्तानात आणि इराणात गेले. त्या काळापासून काही गालिच्यांवर फुलांच्या जागी रणगाडे, हेलिकॉप्टरं, बंदुका दिसू लागल्या. पुढे गिऱ्हाईक मिळालं म्हणून तशी नक्षी मुद्दामही विणली गेली, हे खरं. तरी इतिहास फक्त कागदावर लिहितात असं समजणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला त्यातून धडा मिळाला.

आता पुन्हा घोंगडीकडे येऊ. आपल्याकडे सणगर आणि खुटेकर धनगर हे घोंगडी विणणारे. दख्खनी मेंढीची लोकर कातरायची, पिंजायची, बायकांनी सूत काढायचं, पुरुषांनी खड्डामागावर विणायचं. सुताला चिंचोक्याची खळ द्यायची. रंग बहुधा मेंढीचाच: काळा, पांढरा, करडा. खुटेकर हे नाव मागाच्या खुंटीवरून आलं, असं सांगतात. म्हणजे खुंटी तिथेही आणि इथेही!

मग फरक कुठे पडला? गालिच्याला परदेशी गिऱ्हाईक मिळालं, म्हणून त्याच्यावर ग्रंथ झाले, संग्रहालयांत तो भिंतीवर चढला. घोंगडी शेतकऱ्याच्या खांद्यावरच राहिली. ज्याला भाव मिळाला त्याचा अभ्यास झाला. आणि अभ्यास होऊनही तुर्कमेन बाईचं नाव हरवलं ते हरवलंच. तत्त्वज्ञानात आम्ही विचारतो, ज्ञान कशावर उभं असतं? इथे उत्तर सरळ आहे: बाजारभावावर.

आज मिलची ब्लँकेटं स्वस्त आहेत. जाड्याभरड्या लोकरीला भाव नाही, मेंढी मुख्यतः मटणासाठी पाळतात. कातरलेली लोकर टाकून द्यावी लागते, असं मेंढपाळ सांगतात. विणणाऱ्यांची मुलं दुसऱ्या कामाला लागली. त्यांना दोष देता येणार नाही. पोट कुणाला चुकलं आहे?

मी उपाय सांगायला आलेलो नाही. एवढंच करा. घरी माळ्यावर जुनी घोंगडी असेल तर खाली काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ही कोणाकडून घेतली, कोणत्या गावची, काय देऊन घेतली. जे कळेल ते वहीत लिहून ठेवा, आणि मेंढरं घेऊन आलेल्या माणसालाही नाव विचारा. आमच्या पिढीने हे काम भिजत घोंगडं करून ठेवलं. ते वाळवायचं तुमच्याकडे आलं आहे.