दुधाच्या दातांची बखर

लहान मुलाचा पहिला दात पडला म्हणजे घरात थोडीफार गडबड उडतेच. आपल्याकडे तो दात कौलांवर भिरकावायचा किंवा उंदराच्या बिळापाशी टाकायचा, आणि उंदीरमामाकडे त्याच्यासारखा बारीक, पांढराशुभ्र दात मागायचा, अशी जुनी चाल. अमेरिकेत हे खाते एका परीकडे सोपविलेले आहे. मूल रात्री उशीखाली दात ठेवून झोपते. सकाळी उठून पाहावे तो दात नाहीसा झालेला आणि त्याच्या जागी एक नाणे! चाली निराळ्या, पण पडलेल्या दाताचा पुढे काही उपयोग नाही, ही समजूत मात्र दोन्हीकडे सारखीच.

ही समजूत १९५८ साली अमेरिकेतल्या सेंट लुई शहराने खोटी ठरविली. त्या वर्षीच्या डिसेंबरात तेथील काही शास्त्रज्ञांनी आणि नागरिकांनी गावातल्या मुलांना विनंती केली की, तुमचे पडलेले दात फेकू नका, ते आम्हांला द्या. १९७० पर्यंत असे सुमारे ३,२०,००० दात गोळा झाले. ज्या गोष्टीला पुरावा नसतो तिला आपण दंतकथा म्हणतो. सेंट लुईची हकीकत ही अक्षरशः दंतकथा आहे. फरक इतकाच की, हिच्यात पुरावा म्हणून खुद्द दातच हजर आहेत.

या हकीकतीचे मूळ दुधात आहे. १९४५ च्या जुलैत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला अणुबाँब उडवून पाहण्यात आला, आणि पुढच्याच महिन्यात हिरोशिमा व नागासाकी ही शहरे बेचिराख झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. युद्ध संपले, पण स्फोट थांबले नाहीत. १९४९ साली रशियाने आणि १९५२ साली ब्रिटनने आपापला बाँब उडविला. अमेरिकेने १९५१ पासून आपल्याच नेवाडा राज्यातील वाळवंटात चाचण्यांचा सपाटा लावला. १ मार्च १९५४ रोजी पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटांवर तिने जो हायड्रोजन बाँब उडविला, त्याची राख दूर मासे पकडीत असलेल्या एका जपानी नावेवरील २३ माणसांच्या अंगावर पडली. त्यांच्यापैकी एक जण त्याच वर्षी सप्टेंबरात मरण पावला. या स्फोटानंतर महिनाभरातच, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी आपल्या लोकसभेत उभे राहून अशा चाचण्या निदान तहकूब तरी ठेवाव्यात, अशी मागणी केली होती.

स्फोटातून जी नाना किरणोत्सर्गी द्रव्ये बाहेर पडतात, त्यांत स्ट्रॉन्शियम-९० नावाचे एक आहे. रसायनशास्त्राच्या कुळात ते कॅल्शियमचे भावंड लागते, आणि भावंडांचे चेहरे सारखे असावेत तसा हा प्रकार आहे. हाडे आणि दात घडविताना शरीर कॅल्शियम मागते. त्याच्या सोबतीने हे स्ट्रॉन्शियमही आत शिरले, तर शरीर त्यालाही बऱ्याच अंशी घरचेच समजून ठेवून घेते. स्फोटाच्या ढगाबरोबर उंच गेलेले हे द्रव्य हजारो मैल वाहत जाई, पावसाबरोबर खाली उतरे आणि कुरणातल्या गवतावर बसे. गवत गाईच्या पोटात जाई आणि गाईचे दूध मुलांच्या. एकदा हाडात शिरलेल्या या द्रव्याचा जोर आपोआप निम्म्यावर यायलाच सुमारे २९ वर्षे लागतात. ज्या दुधाचा पेला घेऊन आई मुलाच्या मागे धावते, त्याच दुधातून हा पाहुणा घरात येत होता.

सेंट लुई हे मिसिसिपीच्या काठचे शहर नेवाडाच्या वाळवंटापासून हजाराहून अधिक मैल दूर. तरीही सरकारी आरोग्यखात्याने निरनिराळ्या शहरांतले दूध तपासले, तेव्हा सेंट लुईच्या दुधात स्ट्रॉन्शियमचे प्रमाण चढे आढळले. अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाचे म्हणणे असे की, प्रमाण अगदी अल्प आहे. काळजीचे कारण नाही. पण दुधात किती आहे हे कळले, तरी मुलाच्या अंगात किती मुरले हे कसे कळावे? जिवंत मुलाचे हाड काढून तपासता येत नाही.

आयोगाने या प्रश्नाला आपल्यापरीने एक उत्तर शोधले होते. १९५३ पासून ‘प्रोजेक्ट सनशाइन’ या गोंडस नावाखाली निरनिराळ्या देशांतून मृत माणसांची, विशेषतः मृत अर्भकांची, हाडे गुपचूप गोळा करण्यात येत होती. त्या संग्रहाच्या नोंदींत भारताचेही नाव आढळते. आईबापांना बहुधा कोणी काही विचारले नाही. ही गोष्ट चारचौघांत उघड व्हायला चाळीस वर्षे जावी लागली. मुलांची हाडे हवी होती, हे शास्त्राच्या दृष्टीने खरेच होते; पण ती ज्या रीतीने मिळविली गेली ती रीत अंधारातली होती.

दुसरे उत्तर उजेडातले होते. १९५८ च्या ऑगस्टात हर्मन काल्कर नावाच्या, मूळच्या डॅनिश जीवरसायनशास्त्रज्ञाने ‘नेचर’ या ब्रिटिश साप्ताहिकात एक छोटासा लेख लिहिला. मुलांचे दुधाचे दात आपण होऊन पडतात. जगभरचे हे दात गोळा करून त्यांची एक खानेसुमारीच का करू नये, अशी त्याची सूचना होती.

ही सूचना किती मार्मिक होती, हे समजण्यासाठी दाताची घडण थोडी पाहिली पाहिजे. हाड हे सदा दुरुस्ती चालू असलेल्या जुन्या वाड्यासारखे असते. जुने काढून नवे भरणे तिथे जन्मभर चालू राहते. दाताचे तसे नाही. दुधाच्या २० दातांची घडण मूल आईच्या पोटात असतानाच सुरू होते, आणि त्यांचे माथे पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास पुरे होतात. दातावरचे कठीण लुकण एकदा बसले की पुन्हा बदलत नाही, कारण त्यात जिवंत पेशीच उरत नाहीत. झाडाच्या खोडात जशी वर्षावर्षाची वलये, तसे दातात थरावर थर असतात. जन्माच्या वेळी बाळाला जो धक्का बसतो, त्याचीसुद्धा एक बारीक रेघ त्या थरांत उमटून राहते. त्या काळात आईने काय खाल्ले, बाळ कोणते दूध प्याले आणि त्या दुधात काय होते, याची नोंद दात करून ठेवतो. आणि सहा-सात वर्षांनी ही वही, कोणालाही न दुखविता, आपण होऊन आपल्या हातात पडते.

काल्करची सूचना सेंट लुईत उचलली गेली. तेथील वॉशिंग्टन विद्यापीठात बॅरी कॉमनर हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी व इतरांनी मिळून त्याच वर्षी अणुविषयक माहितीसाठी नागरिकांची एक समिती स्थापन केली होती. दातांच्या कामाची सूत्रे डॉ. लुईझ रीस या बाईंनी हाती घेतली. दात तपासण्याचे काम विद्यापीठाच्या दंतवैद्यक शाखेतील हॅरॉल्ड रोझेनथाल यांच्याकडे गेले. वर्षाला ५०,००० दात मिळविण्याचा समितीचा संकल्प होता. शाळा, ग्रंथालये, दंतवैद्यांचे दवाखाने, जिकडे तिकडे छापील कागद वाटले गेले. दात देणाऱ्या प्रत्येक मुलाला एक बिल्ला मिळे. त्यावर दात पडलेल्या एका हसऱ्या पोराचे चित्र आणि ‘मी माझा दात शास्त्राला दिला’ अशा अर्थाचा मजकूर असे. परीचे नाणे एकीकडे आणि हा बिल्ला दुसरीकडे, अशा पेचात त्या वेळी सेंट लुईतली पुष्कळ मुले सापडली असतील!

पण या साऱ्या खटाटोपातला जीव बिल्ल्यात नव्हता, तो दाताबरोबर येणाऱ्या चिठ्ठीत होता. मुलाची जन्मतारीख कोणती? गरोदरपणी आई कोठे राहत होती? मूल अंगावर पीत होते की वरच्या दुधावर होते? अशा प्रश्नांची उत्तरे आयांनी भरून पाठवायची. समितीच्या स्वयंसेविका टेबलाभोवती बसून ती वाचीत, दात पारखीत, निवडीत आणि कार्डावर नोंद करून पाकिटांत भरून ठेवीत. एका दातातले स्ट्रॉन्शियम इतके थोडे की ते त्या वेळी वेगळे मोजता येत नसे. म्हणून एकाच काळात जन्मलेल्या आणि एकाच प्रकारच्या दुधावर वाढलेल्या पुष्कळ मुलांचे दात एकत्र करून तपासावे लागत. चिठ्ठी नसती तर ही विभागणीच झाली नसती, आणि तीन लाख दात म्हणजे नुसता चुरा ठरला असता. धान्य पाखडण्या-निवडण्याचे काम जन्मभर करणाऱ्या बायकांच्या हातांनी हे शास्त्र उभे राहिले, असे म्हटले तर ते फारसे चूक होणार नाही.

पहिले फळ १९६१ च्या नोव्हेंबरात ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९५० नंतरच्या वर्षांत जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम वाढत चालले आहे, हे त्यात आकड्यांनिशी दाखविले होते. पुढे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खुद्द रीस यांच्या घरी फोन आला होता, अशी आठवण रीस यांच्या मुलाने सांगितली आहे. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्को येथे अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांनी हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात अणुस्फोट न करण्याच्या करारावर सह्या केल्या. भारतानेही त्यावर सही केली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १९५० साली जन्मलेल्या मुलांपेक्षा १९६३ साली जन्मलेल्या सेंट लुईच्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम पन्नास पट होते, हा आकडा नेहमी सांगितला जातो, आणि त्यामुळेच तो करार झाला असेही कोणी कोणी सांगतात. आकडा खरा आहे. पण १९६३ साली जन्मलेल्या मुलाचा दात १९६९ च्या आधी पडणार कसा? करार झाला तेव्हा हे दात बाळांच्या हिरड्यांतच होते. करार करणाऱ्यांच्या मनावर परिणाम झाला असेल तो त्याआधीच्या दातांचा, आणि त्याहीपेक्षा लेकराचा दात पाकिटात घालून पाठविणाऱ्या हजारो आयांचा. करारानंतरच्या वर्षांत जन्मलेल्या मुलांच्या दातांत हे प्रमाण उतरत गेले, हे मात्र त्याच संग्रहाने पुढे दाखवून दिले. मोठमोठ्या राष्ट्रांनी कागदावर केलेल्या सह्यांचा परिणाम लहान मुलांच्या दातांत मोजता आला, असे उदाहरण इतिहासात विरळाच.

१९७० मध्ये हे काम संपले. तपासलेले दात खर्ची पडले. उरलेले कोठे तरी ठेवले गेले आणि विस्मृतीत गेले. तीस वर्षे लोटली. २००१ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टायसन संशोधन केंद्रात, महायुद्धाच्या काळात दारूगोळ्यासाठी बांधलेल्या एका कोठीत, खोकीच्या खोकी सापडली. त्यांत सुमारे ८५,००० दात होते आणि प्रत्येकाबरोबर त्याचे कार्ड होते! बाँबच्या विरोधात गोळा केलेले दात दारूगोळ्याच्या कोठारात सुरक्षित राहावेत, यातला योगायोग गमतीचाच म्हटला पाहिजे.

अशा संग्रहाला आता ‘बायोबँक’ म्हणतात. रक्त, लाळ, दात, ऊती असे शरीराचे अंश माहितीसह साठवून ठेवायचे, म्हणजे आज न सुचलेले प्रश्नसुद्धा उद्या त्यांना विचारता येतात. ही पेढी म्हणजे ठेवीचाच व्यवहार. सेंट लुईच्या समितीला हा शब्द ठाऊक नव्हता, पण पेढी तिने उघडली होती. दाताला विचारता येण्याजोगे प्रश्न किती निरनिराळे असतात, हे १९७९ साली दिसून आले. हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी बॉस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे दुधाचे दात जमवून त्यांतले शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे फार होते अशा ५८ मुलांची, ते कमी असलेल्या १०० मुलांशी त्यांनी तुलना केली. आजारी दिसत नसतानाही पहिल्या गटातली मुले बुद्धीच्या आणि अवधानाच्या कसोट्यांत मागे पडत होती. रंगांतले आणि पेट्रोलमधले शिसे काढून टाकण्याच्या लढ्यात या दातांची साक्ष मोलाची ठरली. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. नॉर्वेत आता गरोदरपणापासून ज्या मातांची आणि मुलांची माहिती नोंदली गेली, त्यांच्या दुधाच्या दातांची पेढी बर्गेनच्या विद्यापीठात आहे.

सेंट लुईच्या त्या जुन्या दातांकडेही शास्त्रज्ञ पुन्हा वळले आहेत. त्या वेळी बिल्ला लावून मिरविणारी मुले आता साठी-सत्तरीची झाली आहेत. हार्वर्डचे संशोधक त्यांना शोधून काढीत आहेत. बालपणी अंगात गेलेल्या धातूंचा म्हातारपणीच्या स्मरणशक्तीशी काही संबंध आहे काय, हा त्यांचा प्रश्न आहे. उशीखाली ठेवायचा दात ज्यांनी पाकिटात घातला, त्यांना साठ वर्षांनी विचारणा होत आहे की, आता पुढे काय झाले तेवढे सांगाल का?

ही विचारणा होते, यातच साऱ्या हकीकतीचे सार आहे. मुलांच्या शरीराची साक्ष प्रोजेक्ट सनशाइननेही मिळविली आणि सेंट लुईनेही. पहिलीचे नाव निघाले की आजही मान खाली घालावी लागते. दुसरीत आपला दात होता, हे म्हातारी माणसे नातवंडांना अभिमानाने सांगतात. दोन्हीकडे यंत्रे तीच होती, स्ट्रॉन्शियमही तेच होते. एकीकडे कोणाला विचारले नव्हते, आणि दुसरीकडे आईच्या हातची चिठ्ठी होती. पेढी रक्ताची असो, लाळेची असो वा दातांची. तिच्यात ठेव ठेवणाऱ्याचे नाव, त्याची संमती आणि त्याच्यावर काय परिणाम झाला हे त्याला कळविण्याची जबाबदारी, ही तीन खाती नीट लिहिलेली असली, तरच ती टिकते. सेंट लुईच्या गृहिणींनी ही खातेवही कोणी न शिकविता, पाकिटावर पाकीट ठेवीत लिहिली. तिची पाने उलटण्याचे काम अजून चालूच आहे.