एक जीबी, आठ बिऱ्हाडं

"आजोबा, मारला त्याने!"

शनिवारची रात्र, साडेअकराचा सुमार. नातवाच्या खोलीतून असा आवाज आल्यावर आमच्या वयाच्या माणसाने आधी चष्मा शोधावा की काठी? मी दोन्ही घेऊन धावलो.

"कोणी मारला? कोणाला?"

"ओओएम किलरने. सर्व्हरला."

खून ओळखीतल्या कुणाचा नाही, एवढं कळल्यावर मी खुर्चीत बसलो. हिने मात्र दारातूनच, "दूध घेणार का?" असं विचारलं. तिच्या मते कुठल्याही हत्याकांडावर गरम दूध हा उतारा आहे.

प्रकरण असं होतं. मिहिर आणि त्याची सात भावंडं-दोस्त मंडळी, त्यातली एक नाशकात, एक थेट न्यू जर्सीत, मिळून माइनक्राफ्ट नावाचा खेळ खेळतात. २००९ साली तो प्रथम लोकांसमोर आला. त्यात ठोकळ्यांवर ठोकळे रचून काय वाट्टेल ते बांधता येतं. लोक किल्ले बांधतात, राजवाडे बांधतात. ही मुलं माझी गिरगावातली चाळ बांधत होती. खरी चाळ केव्हाच पडली, तिथे आता टॉवर उभा आहे. तोंडी नकाशा माझा, गवंडीकाम त्यांचं. दोन मजले चढले होते, आणि त्या रात्री दुसऱ्या मजल्याची गॅलरी सर्व्हरबरोबर गेली. शेवटची नोंद होण्याआधीच यमदूत आला होता.

हा सर्व्हर भाड्याचा. कुठल्याशा इमारतीतल्या बलाढ्य यंत्राचे कप्पे पाडून ते भाड्याने देतात. त्यातला सगळ्यात स्वस्त, एक जीबी मेमरीचा कप्पा आमचा. भाडं माझ्या पेन्शनमधून जातं, म्हणून मला चौकशीचा अधिकार होता. चौकशीत एक गोष्ट लक्षात आली. माणसं फार आणि जागा कमी, ही तक्रार फक्त गिरगावची नाही. कॉम्प्युटरच्या घराण्यातही ती पिढीजात आहे.

१९६२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी 'स्पेसवॉर' हा दोघांनी खेळायचा खेळ रचला. त्या पीडीपी-१ यंत्राची मूळ मेमरी होती अठरा बिटांचे ४०९६ शब्द, म्हणजे आजच्या मापाने नऊ केबी. तेवढ्यात दोन अवकाशयानं, मधोमध एक सूर्य आणि त्याचं गुरुत्वाकर्षणसुद्धा! मिहिरने काढलेल्या हिच्या एका फोटोत असली शेकडो यंत्रं मावतील.

त्याच वर्षी इंग्लंडात, मँचेस्टरला, 'अ‍ॅटलास' यंत्र सुरू झालं. त्याची जलद मेमरी १६ हजार शब्दांची, आणि शेजारी फिरत्या ड्रमवर ९६ हजारांची मंद साठवण. तिथल्या लोकांनी युक्ती केली, की प्रोग्रॅमला हे सगळं एकच वाटावं. लागेल ते आत आणायचं, नको ते ड्रमवर टाकायचं. हे वाचून मी मांडीवर थाप मारली. अहो, हा तर आमचा मोरीवरचा माळा! फक्त आमच्या माळ्याचा शोध कुणी प्रबंधात लिहिला नाही.

स्वतंत्र कप्पे ही पुढची पायरी. आयबीएमच्या मंडळींनी अमेरिकेतल्या केंब्रिजला १९६७ साली ते चालवून दाखवले, आणि १९७२ साली ते 'व्हीएम/३७०' या नावाने बाजारात आणले. यंत्र एकच, पण प्रत्येकाला वाटावं की सगळं आपलंच. आमच्या चाळीतही प्रत्येकाला तसंच वाटे, विशेषतः नळावर.

पण मिहिरचे खरे पूर्वज म्हणजे एसेक्स विद्यापीठातले दोन विद्यार्थी, रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल. १९७८ साली ट्रबशॉने 'मड' नावाचा खेळ सुरू केला: पडद्यावर चित्र नाही, नुसते शब्द, पण एकाच जगात अनेकजण. मेमरी पुरेना, प्रोग्रॅम आवरेना, म्हणून त्याने तो बीसीपीएल भाषेत नव्याने लिहायला घेतला. पुढे तो बार्टलने वाढवला. बाहेरच्या लोकांना खेळायला मिळे ते रात्री, विद्यापीठाचं काम थंडावल्यावर. मीसुद्धा मॅट्रिकचा अभ्यास सगळे झोपल्यावर गॅलरीतल्या दिव्याखाली केला. दिवसा जागाच नसे!

आता किलरविषयी. लिनक्समध्ये मेमरी संपली, की हा गृहस्थ प्रत्येक प्रोग्रॅमला गुण देतो आणि बहुधा सगळ्यात जास्त जागा अडवणाऱ्याला उचलतो. नोटीस नाही, मुदत नाही. भाडेनियंत्रण कायदा त्याला लागू नाही. मिहिरची चूक अशी, की त्याने खेळाच्या जावाला एक जीबीतली जवळजवळ एक जीबी देऊन टाकली. पाहुण्याला अख्खी खोली दिली आणि घरचे विसरला. शिवाय जावाचं सामान नेमून दिलेल्या जागेबाहेरही पसरतं, हे पाहुण्याने सांगितलं नव्हतं.

मग आम्ही दोघे कामाला लागलो. म्हणजे तो लागला, मी दूध प्यालो. जावाला ६०० एमबी. डिस्कवर थोडा माळा काढला, पण अडीअडचणीपुरताच. कारण जावा मधूनमधून दिवाळीची साफसफाई काढतं, आणि सगळं सामान माळ्यावर असलं की चढ-उतार करण्यातच दिवस जातो. खेळाची जुनी, हलकी आवृत्ती घेतली. चाळ नव्याने, पहिल्या पायरीपासून. शेवटी नजर आखूड केली. खेळात प्रत्येकाच्या चहूकडे दहा-दहा तुकड्यांपर्यंतचं जग मेमरीत राहतं, म्हणजे माणशी ४४१ तुकडे. पाचवर आणलं, की १२१.

"आणि आजोबा, सगळे एकाच ठिकाणी राहिले तर तेच तुकडे सगळ्यांना चालतात. लांब पांगलो, तर प्रत्येकाचे वेगळे."

म्हणून आता नियम झालाय, की चाळ सोडून कुणी भटकायचं नाही. न्यू जर्सीवाली आधी कुरकुरली. तिला समुद्र बघायचा होता. पण परवा ती गॅलरीत सगळ्यांबरोबर उभी होती. मी चष्मा सरसावून पाहिलं आणि ओरडलो,

"अरे, नळ उजवीकडे काय लावलात? डावीकडे होता! जोशांच्या दाराशी!"

आठही जणांनी मुकाट्याने नळ उपटला.