बगदादचे अंक आणि पुण्याचा ‘परम’

अरबांनी स्वतः काही शोधले नाही, हिंदूंचे आणि ग्रीकांचे ज्ञान त्यांनी फक्त युरोपपर्यंत पोहोचवले, असे वाक्य चहाच्या टपरीपासून चर्चासत्रापर्यंत कुठेही ऐकायला मिळते. पुण्याच्या ‘परम’ महासंगणकाबद्दलही असेच बोलले जाते. चिप परदेशी, ऑपरेटिंग सिस्टिम परदेशी, मग आपले त्यात काय? नुसती जोडाजोडी.

दोन्ही वाक्यांमागे एकच समज आहे. एका ठिकाणची विद्या दुसऱ्या ठिकाणी चालती करणे म्हणजे ओझे वाहणे, त्याला अक्कल लागत नाही. माझा या समजाशी वाद आहे. हा वाद मी संगणकाच्या जगातल्या एका अगदी खालच्या पातळीवरच्या कामातून मांडणार आहे. सी भाषेत लिहिलेला नेटवर्कचा प्रोग्राम एका ऑपरेटिंग सिस्टिमवरून दुसरीवर नेण्याचे हे काम. या व्यवसायात त्याला ‘पोर्टिंग’ म्हणतात. पण आधी दमास्कसला जाऊन येऊ.

धूळपाटीवरून कागदावर

आठव्या शतकात भारतीय ज्योतिषगणिताचा ग्रंथ खलीफा अल-मन्सूरच्या दरबारी पोहोचला आणि अरबीत आला. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मीने हिंदी अंकांवर पुस्तक लिहिले. त्याची मूळ अरबी प्रत आज नाही, लॅटिन रूपे आहेत. ‘अल्गोरिदम’ हा शब्द त्याच्याच नावावरून आला. इथवरची गोष्ट अनेकांना ठाऊक असते.

त्यानंतरचे नाव मात्र फारसे कुणी घेत नाही. अबुल हसन अल-उक्लिदिसी. हिजरी ३४१ मध्ये, म्हणजे इसवी सन ९५२-५३ च्या सुमारास, त्याने दमास्कसमध्ये हिंदी हिशेबावर ग्रंथ लिहिला. हिंदी पद्धतीचा हिशेब तेव्हा धूळपाटीवर होत असे. पाटीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने अंक काढायचे, हिशेब पुढे सरकला की जुना अंक पुसून नवा लिहायचा. गुणाकाराची रीत या पुसण्यावरच उभी होती.

कागदावर शाईने लिहिलेला अंक पुसता येत नाही. त्यामुळे तीच रीत जशीच्या तशी कागदावर उतरवली तर चालत नाही. अल-उक्लिदिसीने गुणाकार-भागाकाराच्या पायऱ्या अशा बदलल्या की काहीही पुसावे लागू नये. त्यातून एक नवा फायदा निघाला. सगळ्या पायऱ्या कागदावर राहिल्या, त्यामुळे हिशेब पुन्हा तपासता येऊ लागला. याच ग्रंथात दशांश अपूर्णांकही दिसतात. अंक भारताचे, कागद बगदाद-दमास्कसचा. पण रीत दोन्हीकडे नव्हती, ती घडवावी लागली.

मशीन बदलले की काय बदलते

सी भाषा १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम या भाषेत नव्याने लिहिली गेली. त्याआधी ऑपरेटिंग सिस्टिम साधारणपणे त्या-त्या यंत्राच्या भाषेतच लिहिली जाई. यंत्र बदलले की सगळे नव्याने करायचे. सी भाषेमुळे तोच मजकूर दुसऱ्या यंत्रावर नेणे शक्य झाले. शक्य झाले, आपोआप झाले नाही.

याबद्दल एक जुनी कथा सांगितली जाते. युनिक्स एका नव्या यंत्रावर नेले आणि पडद्यावर स्वतःचे नाव छापायला सांगितले, तर ‘यू-एन-आय-एक्स’ऐवजी ‘एन-यू-एक्स-आय’ उमटले. कारण साधे आहे. मोठी संख्या स्मृतीत ठेवताना तिचे बाइटमध्ये तुकडे होतात. काही यंत्रे मोठ्या किमतीचा तुकडा आधी ठेवतात, काही लहान किमतीचा. यंत्राच्या आत कोणताही क्रम चालतो. पण एकाने पाठवले आणि दुसऱ्याने उलट क्रमाने वाचले की गोंधळ होतो. वेबसाइटचे नेहमीचे दार, म्हणजे पोर्ट क्रमांक ८०. त्याचे दोन बाइट उलटे वाचले तर तो २०४८० होतो. प्रोग्राम चालतो, चूकही दाखवत नाही, फक्त भलत्याच दारावर जाऊन उभा राहतो.

हैफात जन्मलेले संगणकशास्त्रज्ञ डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजी या भांडणावर लेख लिहिला. स्विफ्टच्या गलिव्हरच्या कथेत अंडे मोठ्या टोकाकडून फोडायचे की लहान टोकाकडून, यावरून दोन पक्ष लढतात. कोहेन यांनी यंत्रांच्या दोन जातींना त्या पक्षांचीच नावे दिली. अमुक क्रम श्रेष्ठ हे ठरवण्यापेक्षा सगळ्यांचे एकमत होणे महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे होते. इंटरनेटच्या टीसीपी/आयपी नियमांत रस्त्यावरचा क्रम ठरलेला आहे, मोठे टोक आधी. घरात कुणी कसेही ठेवा, दारातून बाहेर पडताना रस्त्याचा क्रम लावा, आत येताना आपला क्रम लावा. सी भाषेत त्यासाठी चार छोटी फंक्शन्स आहेत.

हा नियम मला परका वाटला नाही. आमचे निरवांगी इंदापूर तालुक्यात, नीरेच्या काठी. नदीच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सोलापूर. आमच्या घरात दखनी, उंबऱ्याबाहेर मराठी. दिवसातून दहा वेळा भाषा बदलते आणि बदलल्याचे लक्षातही येत नाही. बाजारात मराठी बोलतो म्हणून घरातली दखनी खोटी ठरत नाही, आणि घरात दखनी आहे म्हणून मराठी परकी होत नाही.

अंकांचेही तसेच आहे. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे आधी पाच आणि मग वीस. लिहिताना मात्र दोन डावीकडे आणि पाच उजवीकडे. अरबी लिपी उजवीकडून डावीकडे चालते, तरी तिने हिंदी अंकांची मांडणी उलटवली नाही. म्हणून ती ओळ वाचणाऱ्याला एकक आधी भेटतो. युरोपने तीच मांडणी डावीकडून वाचली. तीन लिपी, वाचण्याच्या दोन दिशा, पण कागदावरचा करार एकच. त्यामुळे हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्याची संख्या दुसऱ्या मुलखातल्या व्यापाऱ्याला कळत होती.

जुहू आणि गणेशखिंड

आता महाराष्ट्रात येऊ. मुंबईत जुहूला एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था होती आणि तिचे संचालक एस. रमाणी होते. १९८६ मध्ये सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने अर्नेट हा शैक्षणिक नेटवर्कचा प्रकल्प सुरू केला. त्यात एनसीएसटी, पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि स्वतः तो विभाग, असे आठ भागीदार होते. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. त्याआधी काही वर्षे या संस्थांमधून ईमेल जात होते. निरनिराळ्या कंपन्यांची, निरनिराळ्या सिस्टिमची यंत्रे एकमेकांशी बोलायची, म्हणजे मधला दुभाषा कुणीतरी लिहायलाच हवा होता.

पुण्याची गोष्ट नकारापासून सुरू होते. भारताने अमेरिकेकडे क्रे महासंगणक मागितला. विज्ञान संस्थेसाठी तो मिळाला नाही. मिळाला तो कमी ताकदीचा, हवामानाच्या अंदाजापुरता आणि अटींसह. १९८८ मध्ये पुण्यात गणेशखिंडीतल्या विद्यापीठ परिसरात सी-डॅक सुरू झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यात ब्रिटिश बनावटीचे ट्रान्सप्युटर होते. एकच बलाढ्य यंत्र मिळत नसेल तर अनेक लहान यंत्रांना एकत्र राबवायचे, हा त्यामागचा विचार. अशा संगणकाची ताकद चिपइतकीच चिपांमधल्या दळणवळणात असते.

‘परम’च्या पुढच्या पिढ्या ओळीने पाहा. १९९८ चा ‘परम १००००’ सन कंपनीच्या यंत्रांवर, सोलॅरिस सिस्टिमवर. २००३ चा ‘परम पद्म’ आयबीएमच्या पॉवर चिपवर, एआयएक्स सिस्टिमवर. त्या वर्षी जूनच्या जागतिक पाचशेंच्या यादीत तो १७१ वा होता. २००८ चा ‘परम युवा’ इंटेलच्या चिपवर, लिनक्सवर. दहा वर्षांत तीन कंपन्यांच्या चिप आणि तीन ऑपरेटिंग सिस्टिम. सी-डॅकचे स्वतःचे जाळे, ‘परमनेट’, मात्र तिन्हींत होते, दर वेळी नव्या आवृत्तीत.

ही ओळ काय सांगते ते पोर्टिंग करणाऱ्याला लगेच कळते. सन आणि आयबीएमची ती यंत्रे मोठ्या टोकाची, इंटेल लहान टोकाचे. सनचे यंत्र चुकीच्या पत्त्यावर ठेवलेली संख्या वाचायला गेले की प्रोग्राम तिथेच पाडते, इंटेल बहुतेक वेळा ती निमूट वाचून देते. नेटवर्क कार्ड चालवणारा ड्रायव्हर कर्नलच्या आत राहतो आणि कर्नलशी बोलण्याची तऱ्हा तिन्ही सिस्टिमची निराळी. तिथे शब्दाला शब्द ठेवून भाषांतर होत नाही. कार्डाने नेमके काय करायचे आणि कर्नलने त्यात कुठे यायचे, हे मुळापासून समजलेले असेल तरच तो कोड नव्या घरात उभा राहतो.

चिप विकत मिळते. ती देणारा उद्या नाही म्हणू शकतो, जसे १९८०च्या दशकात झाले. एका सिस्टिमवरून दुसरीवर जाण्याचे कसब मात्र कुणी परत मागू शकत नाही. ज्याला आपले काम कोणत्याही यंत्रावर नेता येते, तो कोणत्याही एका विक्रेत्याचा बांधील राहत नाही. एनसीएसटी पुढे सी-डॅकमध्येच विलीन झाली, म्हणजे मुंबईची आणि पुण्याची ही दोन कसबे एका छताखाली आली.

श्रेय कुणाचे?

शून्य भारताचे आहे, यात वाद नाही. पण शून्य भारताचे म्हणताना अल-उक्लिदिसीला हमाल ठरवायचे कारण नाही, आणि ट्रान्सप्युटर ब्रिटिश म्हणून पुण्याच्या अभियंत्यांना फिटर ठरवायचेही कारण नाही. जो माणूस बगदादला कमी लेखण्यासाठी ‘फक्त वाहून नेले’ म्हणतो, त्याने तोच काटा पुण्याला लावून पाहावा. आणि जो पुण्याचा अभिमान बाळगतो, त्याला दमास्कसच्या त्या हिशेबनीसाला सलाम करायला अडचण वाटू नये. काम एकाच जातीचे आहे.

इतिहासात मुळाचा शोध घेणे सोपे आणि सुखाचे असते, कारण मूळ सापडले की मालकी सांगता येते. ज्ञान मात्र एका मुक्कामावरून दुसऱ्यावर जाताना जगते, आणि दर मुक्कामाला कुणीतरी बसून ते पुन्हा चालते करून दाखवावे लागते. अशा माणसांची नावे फार थोडी उरतात. उरली आहेत ती तरी नीट घेऊ या.