ब्रिज टू टेराबिथिया

ब्रिज टू टेराबिथिया : अमेरिकन लेखिका कॅथरिन पॅटर्सन (जन्म १९३२) यांची बालकादंबरी. प्रथम प्रकाशन १९७७. चित्रे डॉना डायमंड यांची. १९७८ मध्ये तिला अमेरिकेतील बालसाहित्याचे मानाचे न्यूबेरी पदक मिळाले. लेखिकेचा मुलगा डेव्हिड याची बालमैत्रीण १९७४ मध्ये वीज पडून मरण पावली. त्या धक्क्यातून ही कादंबरी लिहिली गेली.

कथा व्हर्जिनिया राज्याच्या ग्रामीण भागात घडते. चार बहिणींत एकुलता एक असलेला दहा वर्षांचा जेस आरन्स चित्रे काढतो. वडिलांना मात्र त्याचे हे वेड आवडत नाही. शाळेतल्या शर्यतीत पहिला येण्यासाठी तो उन्हाळाभर सराव करतो. पण नव्याने राहायला आलेली लेस्ली बर्क त्याला आणि इतर मुलांनाही मागे टाकते. पुढे दोघांची गट्टी जमते. दोरीला लोंबकळून ओढा ओलांडायचा आणि पलीकडच्या रानात आपले ‘टेराबिथिया’ हे काल्पनिक राज्य चालवायचे, असा त्यांचा खेळ सुरू होतो. लेस्ली जेसला नार्निया या काल्पनिक जगाच्या कथांची पुस्तके वाचायला देते. त्यांना छळणारी दांडगट जॅनिस हीच घरी बापाचा मार खाते, हेही दोघांना पुढे कळते.

पावसाने ओढ्याला पूर आला असताना जेस संगीताच्या बाईंबरोबर वॉशिंग्टनचे कलादालन पाहायला जातो. त्याच दिवशी दोरी तुटून लेस्ली मरण पावते. जेसचा दुःखावेग पॅटर्सन यांनी गोड करून सांगितलेला नाही. तो आधी बातमी नाकारतो, धाकट्या बहिणीवर हात उगारतो, लेस्लीने दिलेले रंग ओढ्यात फेकतो. आता वर्गात सर्वांत वेगाने धावणारे आपणच, हा विचारही त्याच्या मनात येऊन जातो. लेस्लीलाही सोबत न्यावे असे आपण बाईंना सुचवले नाही, ही बोच त्याला छळते. एरवी अलिप्त असणारे वडील त्याला जवळ घेतात. कडक वर्गशिक्षिका मायर्सबाई आपल्या वैधव्याचा अनुभव सांगतात. शेवटी जेस ओढ्यावर फळ्यांचा पूल बांधतो आणि धाकटी बहीण मे बेल हिला टेराबिथियात नेतो.

लहान मुलीचा मृत्यू, पात्रांच्या तोंडची शिवराळ भाषा आणि धर्मविषयक संवाद यांमुळे कादंबरीवर वारंवार आक्षेप घेतले गेले. १९९०–९९ या दशकात ग्रंथालयांतून काढून टाकण्याची मागणी सर्वाधिक झालेल्या पहिल्या दहा पुस्तकांत तिचा समावेश होता. १९८५ मध्ये तिच्यावर दूरचित्रवाणीपट, तर २००७ मध्ये गाबोर चुपो दिग्दर्शित चित्रपट निघाला. चित्रपटाच्या पटकथालेखनात डेव्हिड पॅटर्सन यांचा सहभाग होता. कॅथरिन पॅटर्सन यांना पुढे १९९८ चा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार आणि २००६ चा अॅस्ट्रिड लिंडग्रेन स्मृती पुरस्कार मिळाला.