नाणेघाट : वाटसरूच्या दृष्टीनें रस्त्याची परीक्षा

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील घाटवाटांचा विचार बहुधा किल्ले, लढाया व राजे यांच्या अनुषंगानें होतो. परंतु रस्ता चांगला कीं वाईट, हें ज्याच्या पायांनीं तो तुडविला त्यानें सांगावें. अशा वाटसरूचा अभिप्राय दगडावर उरला आहे काय, तें येथें पाहूं.

मुरबाडच्या पूर्वेस वैशाखरे गांवाजवळून नाणेघाटाची वाट चढूं लागते ती जुन्नरकडील माथ्यावर निघते. माथ्याजवळच्या लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. १८२८ मध्यें साइक्स यांनीं तो उजेडांत आणल्यापासून विद्वानांची दृष्टि त्यावरच खिळली, व तें योग्यच आहे. मात्र त्यांत यज्ञांची व दक्षिणेची, म्हणजे गाई, हत्ती, घोडे व कार्षापण यांचीच गणना आहे. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, ही लोकांची समजूत. राणीच्या लेखांत जकातीचें नांव नाहीं.

आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो येथील एका टाक्यावरचा लहानसा लेख. सोपाऱ्याच्या गोविंददासानें ती पोढी, म्हणजे पाण्याचें टाकें, दान केल्याचें तो सांगतो. सोपारें पडलें समुद्रकांठीं, वसईजवळ. तेथील माणसानें इतक्या दूरच्या घाटांत पाणी कां द्यावें? ह्या वाटेशीं त्याचा, निदान त्याच्या गांवच्या व्यापाऱ्यांचा, नित्य संबंध असावा, असें आमचें अनुमान आहे. चार महिने येथें पावसाचा मारा. पुढें उन्हाळ्यांत कातळ तापतो. लादलेल्या बैलास दगडी पायऱ्यांचा चढ सोसवतो, तहान सोसवत नाहीं. तेव्हां पायऱ्या, पाणी व लेण्याची सावली, ह्या तिहींवर ही वाट उत्तम ठरते. गाडीवानास मात्र ती निरुपयोगी.

गाडी आली तशी मोजणी बदलली. शहापूर तालुक्यांतील कसाऱ्याच्या थळघाटानें मुंबई-आग्रा रस्ता गेला, आणि १८६५ मध्यें आगगाडी इगतपुरीस पोंचली. तिच्यापुढें प्रश्न चढाचा होता. तो सदतिसांस एक असा बसविला गेला. ५ जून २०२५ रोजीं समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा ७६ किलोमीटरांचा शेवटचा टप्पा खुला झाला. डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यामुळें मोटारीस घाट जाणवेनासाच झाला आहे. पण ह्या मार्गावर दुचाकीस मज्जाव आहे, आणि पायीं चालणाराची तर गणनाच नाहीं. ज्याच्या हिशेबानें नाणेघाट बांधला गेला, तो आतां परीक्षकच उरला नाहीं.

म्हणून हस्तलिखितांच्या संग्राहकांस आमची विनंति आहे. सनदा व वंशावळी जपल्या जातात. प्रवासखर्चाच्या वह्या व मुक्कामांच्या याद्या मात्र रद्दींत जातात. कल्याण, मुरबाड, शहापूर व जुन्नर येथील दप्तरांत असे कागद आढळल्यास मुक्काम, पाणी, जकात व ओझ्याचें जनावर ह्या चार बाबी उतरवून घ्याव्या, आणि मूळ कागद टाकून देऊं नये.