सीताबर्डीची लढाई

सीताबर्डीची लढाई ही तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील एक निर्णायक लढाई होय. ती २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी नागपूर येथील सीताबर्डीच्या जोडटेकड्यांवर नागपूरकर भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्या सैन्यांत झाली. या पराभवाने नागपूर राज्याचे स्वातंत्र्य संपुष्टात आले.

पार्श्वभूमी

दुसरे रघूजी भोसले १८१६ मध्ये मरण पावल्यावर राज्याचा कारभार आप्पासाहेब (दुसरे मुधोजी) यांच्या हाती आला. त्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. पुढे १८१७ मध्ये ते गादीवर आले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी खडकी येथे युद्ध पुकारले. त्यानंतर आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभा पदाची वस्त्रे उघडपणे स्वीकारली. रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सने हा तहाचा भंग मानला.

लढाई

२६ नोव्हेंबरच्या सायंकाळी गोळीबार सुरू झाला. भोसल्यांची फौज सुमारे १८,००० असून तीत अरब पायदळ होते. लेफ्टनंट कर्नल स्कॉटकडे सुमारे १,५०० सैनिक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अरबांनी लहान टेकडी जिंकली. मात्र कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने मैदानात चढाई केली व कंपनीच्या पायदळाने लहान टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत भोसल्यांची फौज मागे हटली. १६ डिसेंबरला डव्हटनच्या सैन्याने नागपूरबाहेर त्यांचा पुन्हा पराभव केला. तरीही अरबांनी शहर लढवले. २४ डिसेंबरला जुम्मा दरवाज्यावरील (सध्याचे गांधी गेट) हल्ला त्यांनी परतवला. महिनाअखेर त्यांनी शहर सोडले.

परिणाम

जानेवारी १८१८ च्या तहाने सीताबर्डीच्या टेकड्या कंपनीला मिळाल्या व तेथे किल्ला बांधण्यात आला. त्याच वर्षी पदच्युत झालेले आप्पासाहेब इंग्रजांच्या कैदेतून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गेले. १८४० मध्ये जोधपूर येथे त्यांचे निधन झाले. १८५४ मध्ये नागपूर राज्य खालसा झाले.

स्मृती

या लढाईची प्रारंभीची स्मृतिचिन्हे प्रामुख्याने जेत्यांची आहेत. कंपनीच्या पलटणींना ‘सीताबर्डी’ हा युद्धसन्मान मिळाला आणि त्यांच्या मृतांच्या कबरी किल्ल्यात आहेत. त्या पलटणींतील बहुतेक शिपाई हिंदी होते. भोसल्यांच्या बाजूने पडलेल्या सामान्य सैनिकांची नावे मात्र फारशी नोंदली गेली नाहीत. आज किल्ला भारतीय सैन्याच्या ताब्यात असून २६ जानेवारी, १ मे व १५ ऑगस्ट रोजी तो नागरिकांसाठी खुला केला जातो.